लाईट गेली की सोलरही बंद का पडतं? कारखान्यांसाठी मायक्रोग्रिड समजून घेताना

उद्यमबाग, मच्छे, होनगा असो की सीमेपलीकडची शिरोली आणि गोकुळ शिरगाव, गेल्या काही वर्षांत कारखान्यांच्या पत्र्यांवर सोलर पॅनेल दिसू लागले आहेत. ते बसवताना अनेक उद्योजकांची एक समजूत असते, की आता लाईट गेली तरी काम थांबणार नाही. मग एखाद्या दुपारी फीडर ट्रिप होतो. वर रणरणतं ऊन, पॅनेल तापलेले, आणि खाली सगळ्या मशीन बंद. सोलरसुद्धा बंद! बसवणाऱ्या कंपनीला फोन जातो आणि उत्तर मिळतं, "साहेब, ते असंच असतं."

ते खरोखर असंच असतं, आणि त्यामागचं कारण चांगलं आहे. छतावरचा साधा सोलर इन्व्हर्टर ग्रिडच्या मागे मागे चालतो. ग्रिडचा व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी समोर दिसली तरच तो वीज देतो. ग्रिड गेली की त्याने क्षणात बंद व्हायचं, असा नियमच आहे. समजा तो बंद झाला नाही, तर कारखान्यातली वीज उलटी लाईनवर जाईल. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाताला ती लागेल. म्हणून या नियमातून पळवाट काढून देणारा कुणी भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

मग लाईट गेल्यावरही स्वतःची वीज वापरायची तर काय करायचं? याचं सुरक्षित उत्तर म्हणजे मायक्रोग्रिड.

नेमकं काय असतं?

एका ठरावीक हद्दीतले वीज तयार करणारे स्रोत, वीज साठवणारी बॅटरी आणि वीज खाणारी यंत्रं यांना एकाच नियंत्रकाखाली आणायचं. ही हद्द बाहेरच्या ग्रिडला फक्त एका जागी जोडायची. आणि गरज पडली की ती जोडणी तोडून आतलं सगळं आपलं आपण चालवायचं. ही झाली मायक्रोग्रिड. स्रोत सोलर असेल, डिझेल जनरेटर असेल, गॅस इंजिन असेल किंवा वाफेवरची टर्बाइन. महत्त्वाची गोष्ट आहे सुटं होण्याची क्षमता. याला इंजिनिअर मंडळी 'आयलँडिंग' म्हणतात, म्हणजे बेट होणं.

इथे एक गल्लत हमखास होते. दूर कुठल्यातरी माळावरच्या सोलर पार्कमधून ओपन ॲक्सेसने वीज घेणं म्हणजे मायक्रोग्रिड नव्हे. त्याने बिल कमी होतं. पण ती वीज शेवटी त्याच तारांवरून येते, त्यामुळे फीडर गेला की तीही गेली.

लाईट जाते तेव्हा मायक्रोग्रिडमध्ये काय घडतं, ते क्रमाने पाहू. जोडणीच्या जागेवरचा रिले ग्रिडचा व्होल्टेज पडल्याचं ओळखतो आणि मुख्य स्विच उघडतो. आता कारखाना बाहेरच्या तारांपासून पूर्ण तुटला, म्हणजे वायरमन सुरक्षित. त्याच वेळी नियंत्रक बिनमहत्त्वाचा भार सोडून देतो. बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळ्या प्रकारचा असतो. तो कुणाच्या मागे चालत नाही, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी स्वतः उभी करतो. ती दिसली की छतावरचे सोलर इन्व्हर्टर थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतात, कारण त्यांच्या दृष्टीने 'ग्रिड' परत आलेली असते. बॅटरी भरलेली आहे आणि सोलर जास्त होतंय, असं झालं तर बॅटरीचा इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी जरा वर नेतो आणि ते पाहून सोलर आपोआप हात आखडता घेतं. काम लांबलं तर डिझेल जनरेटर सुरू होतो. बाहेरची लाईट आल्यावर घाई करायची नसते. ती स्थिर आहे ना हे पाहून, दोन्हीकडचा व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळवून मगच स्विच लावायचा.

फौंड्रीत खरा प्रश्न भट्टीचा

आपल्या भागात हा विषय फौंड्रीवाल्यांना सगळ्यांत जवळचा. एक टन लोखंड इंडक्शन भट्टीत वितळवायला साधारण ६०० युनिटच्या आसपास वीज लागते. भट्टी भरलेली असताना लाईट गेली तर रस थंड होऊ लागतो. झाकण टाकून काही वेळ काढता येतो. पण फार वेळ गेला तर वरचा थर गोठतो, अस्तराला तडे जातात, आणि गोठलेल्या थराखाली पुन्हा वितळवायला गेलं तर अपघाताची भीती असते. दुसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते: भट्टीच्या तांब्याच्या कॉइलमधून थंड पाणी सतत फिरत राहावं लागतं. वीज गेली म्हणून रसाची उष्णता थांबत नाही. पाणी थांबलं तर कॉइलमध्ये वाफ होते, आणि मग नुकसान एका हीटपुरतं राहत नाही. म्हणूनच बहुतेक फौंड्रीत उंचावर पाण्याची राखीव टाकी किंवा जनरेटरवरचा पंप असतो.

आता हिशेब करताना बहुतेकजण पहिलाच प्रश्न चुकीचा विचारतात: "माझी अख्खी भट्टी बॅटरीवर चालेल का?" चालवता येईल, पण परवडणार नाही. वितळवण्याचं काम ग्रिडवरच करावं. बेटावर असताना जगवायचं काय, याची यादी लहान ठेवावी. कॉइलचा पंप आणि कूलिंग टॉवर, रस बाहेर ओतण्यापुरती क्रेन, भट्टी तिरकी करणारं हायड्रॉलिक, दिवे, संगणक, जमलं तर सीएनसी मशीन. चालू कामातच थांबलेल्या सीएनसीवर टूल तुटतं, जॉब रद्द होतो आणि तो जॉब कधी कधी दिवसभराच्या विजेपेक्षा महाग असतो.

उदाहरणादाखल आकडे धरू. समजा जगवायचा भार १२० किलोवॅट आणि लाईट जास्तीत जास्त २ तास जाते. म्हणजे लागतील २४० युनिट. बॅटरी पूर्ण रिकामी करत नाहीत, म्हणून ३०० युनिटची धरावी. हीच वीज डिझेलवर काढायची तर लिटरला साधारण साडेतीन युनिट मिळतात, म्हणजे जवळपास ७० लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले तरी फक्त इंधनाचाच खर्च युनिटला २५ रुपयांच्या वर. छतावर ३०० किलोवॅट सोलर असेल (सुमारे ३० हजार चौरस फूट सावलीमुक्त जागा) तर वर्षाच्या सरासरीने दिवसाला १२०० युनिटच्या आसपास मिळतात. जुलै-ऑगस्टात मात्र ही सरासरी विसरावी. बेळगावचा पाऊस काय असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

जनरेटर आणि सोलर एकत्र जोडताना आणखी एक खाचखळगा आहे. डिझेल इंजिनवर त्याच्या क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांपेक्षा कमी भार फार वेळ ठेवू नये. सोलरने भार उचलला की जनरेटर हलका पडतो, धूर सोडतो, आत काजळी धरते. उलटी वीज त्याच्यात गेली तर आणखी वाईट. म्हणून मधे नियंत्रक हवाच. स्थानिक इलेक्ट्रिशियनने चेंजओव्हर स्विच टाकून 'जुगाड' केलेली जोडणी म्हणजे मायक्रोग्रिड नव्हे.

साखर कारखाने हे आधीपासून करतायत

हे सगळं नवीन वाटत असलं तरी बेळगाव, कोल्हापूर, सांगली पट्ट्यात त्याचे जुने जाणकार आहेत, ते साखर कारखान्यांत. उसाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के बगॅस, म्हणजे चिपाड निघतं. ते बॉयलरमध्ये जाळायचं, उच्चदाबाच्या वाफेवर टर्बाइन फिरवायची, टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या कमी दाबाच्या वाफेवर रस आटवायचा. एकाच इंधनातून वीजही आणि उष्णताही. स्वतःला पुरून उरलेली वीज ग्रिडला विकायची. सहवीजनिर्मिती म्हणतात ती हीच.

ग्रिड अचानक गेली की तिथल्या टर्बाइन ऑपरेटरची परीक्षा असते. क्षणापूर्वी १५ मेगावॅट बाहेर जात होते, ते एकदम शून्य. वाफ तेवढीच येत राहिली तर टर्बाइनचा वेग भलताच वाढून ती स्वतःच ट्रिप होईल आणि कारखाना अंधारात जाईल. गव्हर्नरने वाफेचा झडप पटकन मिटायचा, पण इतकाही नाही की कारखान्याचा स्वतःचा भार उपाशी राहील. हे जमलं तर गाळप थांबत नाही. गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना गाळप न थांबणं म्हणजे काय, हे ऊसवाल्यालाच विचारावं. तोडलेला ऊस तासातासाने वाळत असतो.

त्याही मागे जायचं तर गोकाकची सूतगिरणी आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती धबधब्याच्या काठावर उभी राहिली, ती पाण्याच्या शक्तीसाठीच. कारखान्याने आपली शक्ती आपल्या दारात तयार करायची, ही रीत या जिल्ह्याला काही परकी नाही.

बेट होणं दर वेळी साधतंच असं नाही. मुंबईसाठी अशी व्यवस्था कित्येक वर्षांपासून आहे. पण १२ ऑक्टोबर २०२० ला बाहेरून येणारी वीज तुटली, शहराच्या आतली निर्मिती मागणीला पुरी पडली नाही, आणि बेट कोसळलं. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या क्षणी आत किती निर्मिती चालू आहे आणि किती भार लगेच सोडता येतो, यावर सारं ठरतं. मुंबईला जो नियम, तोच उद्यमबागेतल्या शेडला.

बिलात फरक कुठे पडतो?

लाईट रोज काही जात नाही. म्हणून फक्त खंडित वीजपुरवठ्यासाठी बॅटरीवर पैसे घालणं बहुतेकांना जड जातं. एरवीच्या दिवशीही तिच्याकडून काम करून घेतलं तर गणित जुळू लागतं.

औद्योगिक बिलात युनिटशिवाय 'डिमांड'चा आकार असतो, केव्हीएवर. महिन्यातल्या एखाद्या पंधरा-वीस मिनिटांत दोन भट्ट्या आणि कॉम्प्रेसर एकाच वेळी चढले, तर त्या एका शिखराचा भार संपूर्ण महिन्याच्या बिलावर बसतो. करारापेक्षा वर गेलं तर दंड वेगळा. नियंत्रक अशा वेळी बॅटरीतून वीज सोडून ते शिखर कापतो. बॅटरी न घेताही, भट्ट्या सुरू करायच्या वेळा मागेपुढे करून यातलं बरंच साधतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

दुसरं म्हणजे वेळेनुसार दर. केंद्राच्या नियमांप्रमाणे १ एप्रिल २०२४ पासून १० किलोवॅट व त्यावरच्या औद्योगिक-व्यापारी ग्राहकांना उन्हाच्या तासांत स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग अशी दररचना लावायची आहे. प्रत्यक्ष तास आणि दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. याचा सोलरवाल्यांना एक उलटा परिणाम जाणवेल: दुपारची ग्रिडची वीजच स्वस्त झाली, तर दुपारी सोलरने वाचणारे पैसेही कमी. तीच वीज साठवून संध्याकाळी वापरली तर मात्र फायदा. बॅटरीचं महत्त्व वाढतंय ते यामुळे.

राज्य बदललं की नियम बदलतात

हेस्कॉमचा ग्राहक, महावितरणचा ग्राहक आणि गोव्याच्या वीज खात्याचा ग्राहक, तिघांना एकच कोटेशन चालत नाही. वेर्ण्यातल्या कारखान्याची अडचण आणखी वेगळी. गोव्याची जवळजवळ सगळी वीज राज्याबाहेरून, महाराष्ट्र आणि कर्नाटकातून येणाऱ्या वाहिन्यांवरून येते आणि पावसाळ्यात झाडं पडतात. वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यात पाइपने गॅस मिळत असेल तर गॅस इंजिनचा आणि त्याच्या उष्णतेचा विचार आधी करावा. पीथमपूरला किंवा हैदराबादला नेट मीटरिंग आणि बँकिंगच्या अटी तिथल्या आयोगाच्या ताज्या आदेशातच पाहाव्यात.

केंद्राच्या नियमांत असलेल्या गोष्टी थोड्या. केंद्राच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार नेट मीटरिंग ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंत. काही कारखान्यांनी मिळून सामाईक कॅप्टिव्ह प्रकल्प काढायचा तर त्यांची मालकी किमान २६ टक्के हवी आणि तयार होणाऱ्या विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांनीच वापरायला हवी. आणि २०२२ च्या हरित ओपन ॲक्सेस नियमांनी मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, म्हणजे मध्यम उद्योगालाही दार उघडलं. विद्युत निरीक्षकाची मंजुरी मात्र बहुतेक ठिकाणी लागते.

ज्यांच्याकडे लाईट क्वचितच जाते आणि थांबल्याने फार बिघडत नाही, अशा वर्कशॉपने मायक्रोग्रिडच्या नादी लागू नये. साधं सोलर आणि जुना जनरेटर पुरे. ज्यांचं बिघडतं, त्यांनी कोटेशन मागवण्याआधी मीटरमधला वर्षभराचा दर पंधरा मिनिटांचा भार काढून घ्यावा. लाईट किती वेळा आणि किती वेळ गेली याची वही ठेवावी, आणि प्रत्येक वेळी काय वाया गेलं हे शॉपफ्लोअरच्या सुपरवायझरला विचारून तिथेच लिहावं. कंत्राटात एक अटही घालून घ्यावी. प्रकल्प ताब्यात घेताना, आणि पुढे दर सहा महिन्यांनी, ठरवून, भट्टी रिकामी असताना मुख्य ब्रेकर उघडायचा आणि पंप चालू राहतो का, ते सर्वांसमक्ष पाहायचं.