दुर्गाडीचा चुना काय सांगतो?

पीएच.डी.ची तयारी करताय? मग एक रविवार दुर्गाडीला जाऊन या. आपल्या बदलापूरजवळून वाहणारी उल्हास नदी कल्याणला खाडी होते, आणि त्या खाडीकाठीच हा किल्ला आहे. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली आणि याच खाडीत मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली.

हे झालं पुस्तकातलं. पण एखाद्या पडक्या भिंतीपुढे उभं राहून विचारा, ही नेमकी कधीची? किल्ल्याची डागडुजी पिढ्यानपिढ्या होत असते, त्यामुळे किल्ल्याचं साल म्हणजे प्रत्येक भिंतीचं साल नव्हे.

इथे विज्ञान कामी येतं. चुना घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो. त्यातल्या कार्बन-14 वरून बांधकामाचा काळ काढता येतो. अर्थात, नीट न भाजलेल्या चुनखडीचे कण त्यात राहिले असतील, तर वय खरं आहे त्यापेक्षा जास्त येतं. म्हणून नमुना कुठला घेतला, हे महत्त्वाचं.

आता जुना चुना खरवडून तिथे सिमेंट भरलं तर? भिंत नवी दिसेल, पण तिच्यातला पुरावा गेला. शिवाय सिमेंटमुळे आतली ओल बाहेर पडत नाही, आणि भिंत आतून खराब होत जाते. म्हणून दुरुस्ती चुन्यानेच करावी, आणि त्याआधी फोटो, मोजमाप, नमुना घ्यावा.

वारसा जपायचा म्हणजे तो चकचकीत करायचा नाही. पुढच्या संशोधकाला प्रश्न विचारता येईल, इतकं तरी शिल्लक ठेवायचं.