ट्रॅक्टर डिझेलवर कसा आला

ट्रॅक्टरचें मोल बघणारे लोक त्याच्या मोठ्या चाकांवरून आणि आवाजावरून ठरवितात. शेतकरी मात्र तें तेलाच्या डब्यावरून ठरवितो. बैलाला वैरण, तसें ट्रॅक्टरला तेल. ज्या जनावराची वैरण धन्याला परवडत नाहीं, तें कितीहि देखणें असलें तरी दावणीला फार दिवस टिकत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेंमागें इंग्लंडमधील ट्रॅक्टर पेट्रोल व रॉकेल सोडून डिझेलवर आला, त्याचें मर्म ह्या साध्या हिशेबांत आहे. नवल इतकेंच कीं, हा पालट घडवून आणण्यांत ज्या गृहस्थाचा वांटा मोठा होता, त्यानें स्वतः ट्रॅक्टरचा कारखाना कधींच काढला नाहीं.

पहिल्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्यांनीं इंग्लंडकडे येणाऱ्या धान्याच्या बोटी बुडविण्यास आरंभ केला, तेव्हां पडीक जमीन नांगरल्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. माणसें आणि घोडे दोन्ही रणांगणावर गेले होते. अशा वेळीं ब्रिटिश सरकारनें १९१७ सालीं हेन्री फोर्डच्या कारखान्याकडे सहा हजार फोर्डसन ट्रॅक्टरांची मागणी नोंदविली. हा ट्रॅक्टर स्वस्त, आटोपशीर आणि दणकट होता. तो पेट्रोलवर सुरू करावयाचा आणि इंजिन तापलें म्हणजे रॉकेलाच्या जातीच्या स्वस्त तेलावर न्यावयाचा, अशी रीत होती. परंतु स्वस्त तेलाची ही सोय दिसते तितकी स्वस्त नव्हती. इंजिन पुरतें तापलें नाहीं तर तेलाची वाफ नीट होत नसे. न जळलेलें तेल दट्ट्याच्या कड्यांवरून खालीं उतरून वंगणांत मिसळे, वंगण पातळ होई आणि इंजिनाचीं अंगें झिजत. थंडीच्या दिवसांत, किंवा वरचेवर थांबावें लागणाऱ्या कामांत, हा त्रास विशेष होई.

ह्यावरचा उपाय जर्मनींत फार पूर्वींच सांपडला होता. रुडॉल्फ डिझेल ह्यानें १८९२ सालीं आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठीं अर्ज केला आणि १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें तें यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. ह्या इंजिनांत ठिणगी नाहीं. सिलिंडरांत नुसती हवा घेऊन ती इतकी दाबावयाची कीं, दाबानेंच ती तापून लाल व्हावी. मग तींत तेलाचा बारीक फवारा सोडला कीं तेल आपोआप पेट घेतें. इंधनांतील उष्णतेपैकीं शेकडा २६ भाग ह्या इंजिनानें कामास लावला. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना त्याच्या निम्मीहि मजल मारतां येत नसे. मात्र तें इंजिन मनुष्याहून उंच व कित्येक टन वजनाचें होतें. तें गिरणींत किंवा बोटींत शोभावें, नांगरटीच्या मातींत नव्हे. डिझेल स्वतः सप्टेंबर १९१३ मध्यें इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून रात्रीं नाहींसा झाला. आपलें इंजिन शेतांत उतरलेलें पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. पुढें १९२७ पासून रॉबर्ट बॉश ह्याच्या कारखान्यांत तेलाचा फवारा सोडणारे लहान व अचूक पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागले, आणि मोटारीच्या आकाराचें डिझेल इंजिन व्यवहारांत आलें.

इंग्लंडमधील पीटरबरो हें गांव शेतकी यंत्रांबद्दल प्रसिद्ध. तेथील एका यंत्रकारांच्या घराण्यांत १८८९ सालीं फ्रँक पर्किन्स ह्याचा जन्म झाला. ज्या उद्योगसमूहांत तो काम करीत होता तो १९३२ सालीं मंदीच्या तडाख्यांत कोसळला. त्याच समूहांत चार्ल्स चॅपमन नांवाचा एक कल्पक इंजिनियर हलक्या व वेगवान डिझेल इंजिनाचा ध्यास घेऊन बसला होता. पर्किन्स त्या वेळीं त्रेचाळीस वर्षांचा. नवा डाव मांडण्याचें हें वय नव्हे. तरीहि जून १९३२ मध्यें ह्या दोघांनीं थोड्या साथीदारांसह पीटरबरोच्या क्वीन स्ट्रीटवर नवी कंपनी काढली. गाडी दुसऱ्याची, इंजिन आमचें, असा त्यांचा बेत होता. पेट्रोलचें इंजिन काढून त्याच जागीं बसेल असें डिझेल इंजिन द्यावयाचें. १९३७ सालीं त्यांचें सहा सिलिंडरांचें ‘पी सिक्स’ इंजिन बाहेर आलें आणि ह्या बेताला खरें बळ चढलें.

पेट्रोलचा ट्रॅक्टर डिझेलवर आणावयाचा म्हणजे टाकींत निराळें तेल ओतावयाचें, अशी कित्येकांची समजूत असते; ती चुकीची आहे. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांत हवा व तेल ह्यांचें मिश्रण साधारणतः चार-पांच पटींनीं दाबलें जातें. डिझेल इंजिनांत हवा सुमारें सोळा पटींनीं दाबावी लागते. तो दाब सोसण्यास दट्ट्या, दांडे आणि सिलिंडराचा ठोकळा हीं सारींच अधिक भक्कम लागतात. म्हणून जुनें इंजिन सुधारण्यांत अर्थ नसतो; तें सबंध उतरवावें लागतें. येथें आणखी एक अडचण येते. फोर्डसनला स्वतंत्र सांगाडा नव्हता. इंजिन, गिअरचा डबा आणि मागचा आंस एकमेकांस जोडून त्यांचाच कणा केलेला होता. तेव्हां नव्या इंजिनाला नांगर ओढण्याबरोबर ट्रॅक्टरचें अंगहि तोलून धरणें भाग होतें. शिवाय कार्ब्युरेटर व मॅग्नेटो गेले, तरी त्यांच्या जागीं तेल गाळण्याची चोख व्यवस्था आणि इंजिन फिरविण्यास जोरदार बॅटरी आली. पंपाचे भाग इतके बारकाईनें बसविलेले असतात कीं, धुळीचा कणहि त्यांचा वैरी ठरतो.

युद्ध संपल्यावर, १९४८ च्या सुमारास, मोठ्या फोर्डसनमध्यें ‘पी सिक्स’ बसवून मिळूं लागलें. पूर्वीच्या इंजिनाची शक्ति तीस अश्वशक्तीच्या आंतबाहेर, ह्याची सुमारें पंचेचाळीस; आणि तेल मात्र कमी. पुढें पर्किन्सनें तेंच इंजिन जणुं अर्धें करून तीन सिलिंडरांचें ‘पी थ्री’ काढलें. तें कॉव्हेन्ट्री येथें बनणाऱ्या लहान फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्येंहि बसवितां येऊं लागलें. इंजिन झिजलेलें, पण बाकीचें अंग धडधाकट, अशा ट्रॅक्टरच्या मालकाला नवा ट्रॅक्टर घेण्याहून ही वाट सुसह्य वाटली.

परंतु यशाच्या पोटांतच संकट होतें. डिझेलची गोडी शेतकऱ्यांस लागलेली पाहून १९५१ सालीं फर्ग्युसन आणि फोर्डसन ह्या दोहोंनींहि कारखान्यांतूनच डिझेल ट्रॅक्टर आणले, आणि फोर्डनें तर इंजिनहि स्वतःचें घडविलें. दुसऱ्याच्या गाडींत इंजिन बसविणाऱ्याला दुसऱ्यानें दार लावलें कीं उभें राहण्यास जागा उरत नाहीं. पर्किन्स मात्र तरला. फर्ग्युसनचा वारसा ज्या मॅसी-फर्ग्युसन कंपनीकडे गेला होता, तिनें १९५९ सालीं पर्किन्सचा कारखानाच विकत घेतला, आणि तिच्या ‘पस्तीस’ क्रमांकाच्या ट्रॅक्टरांत पूर्वीचें डिझेल इंजिन काढून पर्किन्सचें तीन सिलिंडरांचें इंजिन बसविलें. जो पाहुणा म्हणून आला होता, तो अशा रीतीनें घरचा झाला.

ह्या घराण्याची एक शाखा भारतांतहि रुजली. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीनें पर्किन्सच्या घाटणीचीं इंजिनें बनविण्यास घेतलीं, आणि १९६० सालीं त्याच शहरांत स्थापन झालेल्या ‘टॅफे’ कंपनीनें तीं आपल्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांत घातलीं. महाराष्ट्राच्या शिवारांत तांबड्या रंगाचा असा ट्रॅक्टर नांगरट करतांना आजहि दिसतो. मंदींत नोकरी गेलेल्या दोघांनीं पीटरबरोच्या एका गल्लींत जो डाव मांडला, त्याचा धागा येथवर येऊन पोंचला आहे. फ्रँक पर्किन्स १९६७ सालीं वारला. शेतकऱ्याचा तेलाचा हिशेब त्यानें नीट ओळखला होता, आणि त्याचें सारें यश त्या एका ओळखीवर उभें राहिलें.