चिठ्ठीवरचे व्यसन

महाराष्ट्रातील व्यसनमुक्तीचा इतिहास आपण दारू आणि गर्द यांच्याभोवतीच लिहिला. १९८६ साली डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले, तेही गर्दच्या लाटेतून. डॉक्टरांच्या चिठ्ठीने घरात आलेली गोळी या इतिहासाबाहेर राहिली, कारण 'औषध' हे तिचे नाव प्रतिष्ठित होते. कायद्यालाही ती उशिरा दिसली : ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली आली ती २०१८ मध्ये.

ऊसतोडीने कंबर मोडणाऱ्या आमच्या बीड जिल्ह्यात वेदनाशामक ही चैन नव्हे. येथे माळ घालून एका दिवसात व्यसन सोडण्याची वारकरी परंपरा आदराची आहे. परंतु दीर्घकाळ घेतलेली झोपेची गोळी एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात. तिची मात्रा वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते. अफूवर्गीय वेदनाशामकांना ब्युप्रेनॉर्फिनचा आधार देता येतो. पुढे समुपदेशन आणि मूळ दुखण्यावर इलाज हवाच.

निर्धाराइतकेच येथे धीमेपणालाही मोल आहे. गोळी सावकाश उतरवणाऱ्या माणसाला आपण दुबळा म्हणू नये, एवढे तरी या इतिहासाने आपल्याला शिकवावे.