फुकट सॉफ्टवेअरची विक्री : संशयास्पद लिलाव-जाहिराती

जे सॉफ्टवेअर, फॉन्ट किंवा त्यांबद्दलची माहिती मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, तेच ऑनलाइन लिलावात वा बाजारपेठेत दुर्मीळ माल म्हणून किंमत लावून विकण्याचा प्रकार. अशी प्रत्येक विक्री बेकायदा नसते. पुष्कळदा ती परवान्याला धरूनच असते. त्यामुळे ‘फुकटचे विकले’ एवढ्यावरून विक्रेत्याला दोषी धरता येत नाही. खरी कसोटी वेगळी आहे : माल कोणाचा, कोणत्या परवान्याखालचा आणि मूळ ठिकाणी केवढ्याला मिळतो, हे जाहिरात उघड सांगते की झाकते.

परवाने : विषयाचा गाभा येथे आहे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन हे १९८५ च्या सुमारास ईमॅक्स या संपादकाच्या टेप १५० डॉलरना विकत असत. जीपीएल या परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत हस्तांतरित करण्याबद्दल शुल्क घेण्याची मुभा स्पष्ट दिली आहे, आणि २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रतीसाठी कितीही किंमत आकारता येईल असे म्हटले आहे. अट एवढीच की, परवान्याचा मजकूर आणि मूळ लेखकांच्या स्वामित्वाच्या नोंदी प्रतीसोबत राहिल्या पाहिजेत आणि स्रोतसंकेत मिळण्याची सोय हवी. म्हणजे त्रिमिती-चित्रणाचा ब्लेंडर किंवा चित्रसंपादनाचा गिंप हे मुक्त कार्यक्रम विकणारा विकण्याने चुकत नाही. नाव खरवडून नवे नाव चिकटवले आणि परवाना गाळला की चुकतो. ब्लेंडरचे उदाहरण बोलके आहे. २००२ मध्ये वापरकर्त्यांनी एक लाख युरो गोळा करून हा कार्यक्रम जीपीएलखाली मुक्त करून घेतला. पुढे तोच ‘इल्यूजनमेज’, ‘थ्रीडीमॅजिक्स’ अशा नावांनी विकला जाऊ लागला आणि ब्लेंडरच्या संस्थेला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. लोकांनी एकदा पैसे भरून सोडवलेला माल पुन्हा लोकांनाच विकण्याचा हा उद्योग होता. फॉन्टची गोष्ट मात्र निराळी. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता, बलू इत्यादी देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. हा परवाना छपाईला, जाहिरातीला, धंद्याला फॉन्ट मोकळेपणाने वापरू देतो आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरसोबत तो देऊही देतो, पण नुसता फॉन्ट विकायला मनाई करतो. तेव्हा ‘हजारो मराठी फॉन्ट, एकच पेन ड्राइव्ह’ अशा जाहिरातीत हे फॉन्ट असतील तर परवाना तिथेच मोडला. अशा गठ्ठ्यांत व्यापारी फॉन्टही भरलेले असतील, तर तो मामला सरळ चोरीचा.

भारतातील वाटचाल : मुंबईची बाझी डॉट कॉम ही लिलाव-कंपनी २००० मध्ये सुरू झाली, २००४ मध्ये ईबेने ती घेतली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचे भारतीय संकेतस्थळ बंद झाले. डिजिटल मालाचे लिलाव ईबेने अमेरिकेत मार्च २००८ मध्येच थांबवून ते वर्गीकृत जाहिरातींकडे वळवले होते. किरकोळ किमतीची ई-पुस्तके विकून-घेऊन विक्रेत्यांना मिळणाऱ्या चांगल्या शेऱ्यांची संख्या फुगवली जात होती, हे त्यामागचे कारण. आज भारतात बोलीपेक्षा ठरावीक किमतीच्या जाहिरातीच अधिक दिसतात.

ओळख : नमुनेदार जाहिरात अशी असते. शीर्षक ‘प्रीमियम ऑफिस सूट, लाइफटाइम लायसन्स, वर्डच्या फाइली चालतात, वर्गणी नाही’. चित्रात एक चकचकीत खोका, जो कोणत्याही कारखान्यात कधी तयार झालेला नसतो. मजकुरात वैशिष्ट्यांची लांबलचक यादी, पण लिब्रेऑफिस किंवा ओपनऑफिस हे नाव कुठेच नाही. ‘आजीवन परवाना’ हे खरेच आहे, कारण तो परवाना जगातल्या प्रत्येकाला आजीवनच आहे. दुसरा प्रकार माहितीच्या विक्रीचा. शीर्षकात महागड्या सॉफ्टवेअरचे नाव ठळक असते आणि शेवटी बारीक अक्षरांत, बोली माहितीवर आहे, वस्तूवर नाही, अशी ओळ. पैसे भरल्यावर ई-मेलने दोन-चार दुवे येतात आणि ते निर्मात्याच्याच डाउनलोड पानाचे असतात. शीर्षक आणि तळटीप यांतले हे अंतर हीच सर्वांत भरवशाची खूण. शंका आली तर वर्णनातले एखादे विचित्र वाक्य जसेच्या तसे शोधून पाहावे. ते बहुधा मूळ प्रकल्पाच्या पानावर सापडते.

समर्थन आणि त्याचा विचार : विक्रेत्यांच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात. पहिला श्रमाचा : माल उतरवून हाती पोचवण्याच्या कष्टाचे पैसे. डायल-अपच्या काळात तो खराच होता. पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६ पासून लिनक्सची सीडी अंकासोबत वाचकांच्या हाती दिली. उबुंटूच्या सीडी २०११ पर्यंत टपालाने विनामूल्य येत. पण तिथे मालाचे नाव आवरणावर छापलेले असे आणि किंमत असलीच तर ती अंकाची आहे हे सर्वांना ठाऊक असे. श्रमाचे पैसे मागणाऱ्याला नाव लपवण्याची गरज पडत नाही. दुसरा मुद्दा संमतीचा : घेणाऱ्याने राजीखुशीने पैसे दिले, एका शोधात त्याला सत्य कळले असते. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ नुसार नुसते मौन म्हणजे कपट नव्हे, आणि कलम १९ च्या अपवादानुसार साधारण दक्षतेने सत्य शोधता येत असेल तर मौनामुळे झालेला करार रद्द करता येत नाही. केवळ या कायद्यावर विसंबले तर घेणारा हरण्याची शक्यताच जास्त. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने मात्र पारडे फिरवले. त्यातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणेही येते. मूळ ठिकाणी किंमत शून्य आहे, याहून महत्त्वाची माहिती अशा व्यवहारात दुसरी कोणती? ई-कॉमर्सविषयीचे २०२० चे नियम डिजिटल मालालाही लागू आहेत. जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. ‘डाउनलोड झाल्यावर पैसे परत नाहीत’ ही ओळ त्या नियमापुढे टिकणे अवघड. बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीची जबाबदारी कुठपर्यंत, याबद्दल मतभेद आहेत.

एक उदाहरण, नाशिक जिल्ह्यातील सिन्नर : मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावची एमआयडीसी यांमुळे तालुक्यात छोटी यंत्रशाळा चालवणारे पुष्कळ आहेत. आरेखनाचे व्यापारी सॉफ्टवेअर त्यांना परवडत नाही, आणि फ्रीकॅड, लिब्रेकॅड ही मुक्त साधने नावानिशी माहीत नसतील तर स्वस्त ‘कॅड पॅकेज’ची जाहिरात मोहात पाडते. इथे कायद्याची एक गोम आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाचा खरेदीदार २०१९ च्या ग्राहक कायद्याच्या दृष्टीने ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला तेवढा अपवाद आहे. एकट्याने लेथ चालवणारा तक्रार करू शकेल, दहा कामगारांचा मालक बहुधा नाही. याच तालुक्यातल्या बाजार समितीत लिलावाची दुसरी रीत दिसते. ट्रॉलीतला कांदा पाहून व्यापारी बोली लावतो, व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली ओतल्यावर खाली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, निघाली तर वांधा, म्हणजे मालाबद्दलचा वाद, पडतो आणि तो त्याच दिवशी समोरासमोर मिटवला जातो. ऑनलाइन लिलावात माल पैसे भरल्यावरच दिसतो, आणि वांधा घालायला समोर कोणी नसते.

विषाणू व घातक जोडण्या : अनोळखी प्रतीत त्या असू शकतात.

दाद : कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. फसवणूक करून खात्यातून पैसे गेले असतील तर १९३०. २०१९ च्या कायद्याने घेणाऱ्याला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार नोंदवता येते, म्हणजे सिन्नरकराला नाशिकचा जिल्हा आयोग पुरतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. शे-दोनशे रुपयांसाठी आयोगाची पायरी कितीजण चढतील हा प्रश्न राहतोच. विक्रेते किंमत त्या बेताची ठेवतात ते उगाच नव्हे. तक्रार करायचीच तर पहिले काम जाहिरातीच्या पूर्ण पानाचे चित्र तारखेसह जपण्याचे, तळाच्या बारीक ओळीसकट; कारण पैसे परत मागताच अशी जाहिरात काढून टाकून दुसऱ्या शीर्षकाने पुन्हा लावता येते.