गढूळ समुद्र आणि चुनखडी

मुंबईतल्या दिंडोशीच्या टेकड्या ज्वालामुखीच्या दगडाच्या. आषाढ-श्रावणात त्यांची झिजलेली माती ओढ्यानाल्यांनी खाली येते; शेजारच्या आरेतून निघणारी ओशिवरा नदी तसलीच माती मालाडच्या खाडीत आणि पुढे समुद्रात नेते. उत्तरेला नर्मदा आणि तापी खंबायतच्या आखातात याच्या कितीतरी पट गाळ ओततात. म्हणून मुंबईचा समुद्र गढूळ आणि किनाऱ्यालगतचा तळ चिखलाचा. पण मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे आणि तिच्या बाहेरच्या भागात चुनखडी पसरली आहे. ही उष्ण समुद्राची देणगी, असे सर्रास समजले जाते. पुरावा मला वेगळे सांगतो: चुन्याचा गाळ साचायला उबेपेक्षा जमिनीवरचा चिखल दूर असणे अधिक गरजेचे.

1974 साली ‘सागर सम्राट’ या तेलवेधन मंचाने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर तेल शोधले, ते अशाच चुनखडीत. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी, मायोसीन काळात, उथळ पाण्यातल्या जीवांच्या कवचांतून ती घडली. तिच्या थरांमध्ये चिखलापासून झालेल्या शेलचे पातळ पट्टे आहेत आणि माथ्यावरही शेलच आहे; तेल वर निसटले नाही ते त्याच्यामुळे. समुद्र त्या सगळ्या काळात उष्णच होता. चिखल पोचला की चुनखडी थांबली, तो ओसरला की पुन्हा वाढू लागली, असेच हे थर वाचावे लागतात. दुसरा पुरावा पुष्कळ अलीकडचा. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ 120 मीटर खाली होती. पुढे पाणी चढू लागले, तेव्हा आज साधारण पन्नास वावांखाली, म्हणजे 90 मीटरांवर, असलेल्या ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ या सपाटीवर चुन्याचे गोल दाणे आणि हॅलिमेडा या चुनेदार शैवालाचे तुकडे साचले, कारण तिथे चिखल फारसा पोचत नव्हता.

असे गोल दाणे उष्ण, उथळ पाण्यातच होतात, हा आक्षेप रास्त आहे. दाणा कोणत्या जातीचा हे ऊब ठरवते. चुना साचणार की नाही हे ठरवणे तिच्या हाती नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइटमधले पाणी थंड, पण मागे नलारबॉरचे कोरडे पठार असल्याने तिथे समुद्राला मिळणारी नदी जवळजवळ नाहीच. ब्रायोझोआ, शिंपले आणि फोरामिनिफेरा हे समुद्री जीव तिथे चुना पुरवतात. ब्रायोझोआ पाण्यातले कण गाळून खातात, त्यांना प्रकाश लागत नाही, म्हणून ते खोलातही वाढतात. दक्षिण महासागराच्या दांडग्या लाटा सुटा गाळ घासत कडेला लोटतात. तो खंडान्त उतारावर थरावर थर चढत समुद्राकडे सरकतो. 1998 मध्ये तिथे सागरतळाचे वेधन झाले, तेव्हा उताराच्या वरच्या भागात ब्रायोझोआंचे गाडले गेलेले उंचवटे सापडले.

मग मुंबईसमोर, चिखल फारसा पोचत नाही तिथे, आज चुनखडी का वाढत नाही? स्वच्छ पाणी ही पहिली अट असली तरी एकटी पुरत नाही. पाणी चढले, तळाशी प्रकाश उरला नाही आणि हॅलिमेडासारखी शैवाले मागे पडली. त्यांची जागा उतारावर थंड पाण्यातल्या जीवांनी घेतली असती. परंतु अरबी समुद्रात सुमारे 150 ते 1,000 मीटर खोलीवर प्राणवायू अत्यंत कमी असतो, आणि नेमका हाच पट्टा आपल्या खंडान्त उताराला टेकतो.