नावात बीअर, बाटलीत मुळं

कामानिमित्त अमेरिकेत गेलेल्या बहुतेक शाकाहारी-निर्व्यसनी मंडळींना एक धक्का हमखास बसतो. पाच वर्षांचं पोर आईबापांसमोर बसून खुशाल 'रूट बीअर' पितंय! दुसरा धक्का पहिल्या घोटाला. चव थेट पाठदुखीच्या मलमाची. हा काही नुसता भास नाही. त्यातला विंटरग्रीनचा स्वाद मिथाइल सॅलिसिलेटचा असतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच मलमांत तेच असतं (गंधपुऱ्याचं तेल म्हणा).

पण मग बीअर का म्हणायचं? कारण पूर्वी घरोघरी सॅसाफ्रास नावाच्या झाडाची मुळं, साखर आणि यीस्ट घालून हे पेय थोडं आंबवत. फेस यायचा, अल्कोहोल नावापुरतं.

त्याचा धंदा केला फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हायर्स या औषधविक्रेत्याने. १८७६ च्या तिथल्या मोठ्या प्रदर्शनात त्याने ते लोकांपुढे आणलं. गडी स्वतः दारूविरोधी. त्याला म्हणे नाव 'रूट टी' द्यायचं होतं, पण एका मित्राने सांगितलं, "अरे, खाणकामगार चहा कशाला पितील? बीअर म्हण!" किस्सा खरा असो-नसो, मार्केटिंग म्हणून फर्स्ट क्लास आहे :)

आणि तेच नाव अंगाशी आलं. १८९५ मध्ये दारूबंदीवाल्या महिलांच्या बलाढ्य संघटनेने (विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन) हायर्सवरच बहिष्कार टाकला. नावात बीअर, कृतीत यीस्ट, म्हणजे दारूच! आमच्या भाषेत याला 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणतात. शेवटी प्रयोगशाळेत तपासणी झाली. बाटलीत जेवढं अल्कोहोल, साधारण तेवढंच अर्ध्या पावात असतं, असं निघालं. १८९८ मध्ये बहिष्कार उठला. पण आपल्याच बाजूचा माणूस नुसत्या शब्दापायी तीन वर्षं शत्रू ठरला होता.

जानेवारी १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली. अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय बेकायदा. मग बीअर कंपन्यांनी 'निअर बीअर' विकली, म्हणजे बीअर बनवायची आणि अल्कोहोल काढून टाकायचं. ॲनहायझर-बुशची 'बेव्हो' तर १९१६ पासूनच बाजारात होती. पण लोकांना हवी होती खरी बीअर. निअर बीअरमध्ये वरून अल्कोहोल घालून विकणारे निघाले, त्याला 'नीडल बीअर' म्हणत. बेव्हो १९२९ मध्ये बंद पडली, दारूबंदी उठायच्या चार वर्षं आधीच.

रूट बीअर मात्र जोरात. १९१९ मध्ये रॉय ॲलनने कॅलिफोर्नियातल्या लोडाय गावात पाच सेंटला मग विकायला सुरुवात केली. तेच पुढे 'ए अँड डब्ल्यू'. १९२७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्यांचं नऊ खुर्च्यांचं एक दुकान कोणी टाकलं ठाऊक आहे? विलार्ड मॅरियटने. होय, तोच, हॉटेलवाला!

मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. बेव्होने बीअरची नक्कल केली, आणि नक्कल म्हटली की तुलना आलीच. रूट बीअरने फक्त नाव उसनं घेतलं, चव स्वतःची ठेवली.

१९६० मध्ये मात्र सॅसाफ्रासच्या तेलातलं सॅफ्रोल उंदरांत कर्करोगकारक ठरलं आणि अमेरिकेने त्यावर बंदी घातली. तेव्हापासून बहुतेक बाटल्यांत त्याच्या जागी कृत्रिम स्वाद असतो. म्हणजे बीअर आधीपासूनच नव्हती, आता मुळंही गेली. नाव तेवढं टिकलं!