कादंबरीत न मावलेल्या बाया

ऐतिहासिक कादंबरीवर मराठी वाचकाचं फार प्रेम. पेढ्या असोत, ग्रंथालयं असोत, लग्नातला आहेर असो, जाडजूड ऐतिहासिक कादंबरी तिथं असतेच. आणि अशा कादंबरीत एक बंडखोर बाई असली की पांढरपेशा वाचक जास्तच हळवा होतो. ती राणी असते, पेशवीण असते, नाहीतर नर्तकी असते. तिच्या दुःखाला दिवाणखाना असतो, समया असतात, पैठणी असते.

याबद्दल आपली तक्रार नाही. त्यांनी त्यांच्या बाया लिहिल्या. प्रश्न आपला आहे. आपल्या ज्या बायांनी त्या काळाच्या समाजाला तोंडावर नाही म्हणून सांगितलं, त्यांच्यावर ऐतिहासिक कादंबऱ्या का झाल्या नाहीत? आणि उद्या आपल्यातल्या कुणी पोरीनं, पोरानं लिहायला घेतलीच तर ती कशी लिहायची?

आधी रणजित देसाईंची ‘स्वामी’ घेऊ. 1962 साली आली, 1964 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1772 साली थेऊरला माधवराव पेशवे वारले आणि रमाबाई सती गेल्या. या मरणाशी कादंबरी संपते आणि घराघरात लोक डोळे पुसतात. पण जरा थांबून विचार करा. नवरा मेल्यावर पेशव्यांच्या बाईनं काय करावं असं त्या काळाचं म्हणणं होतं? तिनं जळावं हेच. म्हणजे समाजानं जे मागितलं ते जिनं राख होईपर्यंत दिलं, ती नायिका झाली. मग जिनं द्यायचं नाकारलं तिचं काय?

दुसरी, ना. सं. इनामदारांची ‘राऊ’. साल 1972. तिच्यात मस्तानी आहे. पेशव्यांच्या घराला ती चालली नाही, तिला कैदेत टाकलं. ही बाई रीत मोडणारी खरीच. पण तिचं मोडणं कुणासाठी? एका पुरुषासाठी. त्याच पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याला गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून चालावं लागे, हे बाबासाहेबांनी 1936 च्या ‘जातिप्रथेचं उच्चाटन’ या भाषणात लिहून ठेवलं आहे. त्या रस्त्यावर बाया नव्हत्या का? होत्या. पण वाड्याच्या खिडकीतून पाहणाऱ्या लेखणीला रस्त्यावरची बाई दिसत नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर आपणही त्यांच्याच साच्यात आपली बाई ओतू. ‘त्या काळाची अपेक्षा’ असं आपण सहज म्हणतो. पण अपेक्षा सगळ्या बायांकडून एकच होती काय? नव्हती. वरच्या जातीच्या बाईनं घरात राहावं, पदराआड राहावं, विधवा झाली तर केस उतरवून कोपऱ्यात बसावं, ही अपेक्षा. म्हणून तिचं बंड म्हणजे उंबरा ओलांडणं. आपल्या बाईला तो उंबरा होताच कुठं? तिनं बाहेर पडलंच पाहिजे, उन्हातान्हात राबलंच पाहिजे, पाटलाचं अंगण झाडलंच पाहिजे, मेलेल्या ढोराचं मास आणलंच पाहिजे, ही तिच्याकडून अपेक्षा. विधवेला पाट लावायला आपल्याकडे आडकाठी नव्हती. पण धड लुगडं नेसायला होती. सोनं घालायला होती. चांगल्या भांड्यात पाणी आणायला होती.

हे मी पदरचं सांगत नाही. बाबासाहेबांच्या त्याच भाषणात दाखले आहेत. इंदूरकडच्या बलाई लोकांना 1928 साली सवर्ण हिंदूंनी फर्मान काढलं. त्यात एक कलम असं की त्यांच्या बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, नक्षीदार घागरे-चोळ्या घालू नयेत. आणि सवर्णांच्या बायांची बाळंतपणं मात्र बलाई बायांनीच करावीत. बघा, बाळ बाहेर काढायला हात चालतो, त्या हातात चांदीचं कडं चालत नाही! दुसरा दाखला 1935 चा, अहमदाबाद जिल्ह्यातल्या झनू गावचा. आपल्यातल्या बऱ्या घरच्या बाया धातूच्या भांड्यातून पाणी आणू लागल्या, तर तेवढ्यावरून त्यांच्यावर हल्ला झाला. एक कळशी. तिच्यासाठी मार.

दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात नाडार बायांना उरावर कापड घेण्यासाठी 19 व्या शतकात कित्येक वर्षं झगडावं लागलं. शेवटी 1859 साली संस्थानानं जाहीरनामा काढून परवानगी दिली, पण अट घातली : वरच्या जातीच्या बायांसारखं मात्र घ्यायचं नाही. कापड घ्या पण कमी दर्जाचं घ्या. राज्यकर्त्यांना बाईच्या अंगावरच्या कापडाचीही जात ठरवावी लागते, यावरून त्या कापडाला ते किती भ्यायले होते ते ओळखा.

म्हणून आपल्या बाईचं बंड वेगळं दिसतं. ते नाटकात शोभेल असं नसतं. लुगडं घोट्यापर्यंत नेसणं, हे बंड. एका दिवशी ढोर ओढायला न जाणं, हे बंड. पोरीच्या हातात पाटी देणं, हे तर मोठंच बंड. कादंबरीवाल्यांना ते दिसलं नाही कारण त्यांच्या घरात ही रोजची वहिवाट होती.

आता आपल्याकडच्या बाया पाहू.

1855. मुक्ता साळवे. मांगाची पोर, वय 14. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली. तिनं मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’नं तो त्या साली फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हप्त्यांत छापला. पोरीची बुद्धी बघा. ती रडत बसत नाही, तर्क चालवते. वेद आमचे एकट्याचे असं ब्राह्मण म्हणतात, तर मग आम्हाला धर्मपुस्तक नाही. पुस्तक नाही तर धर्म नाही. मग आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. इमारतीच्या पायात माणसं पुरल्याचं सांगते. आणि आपल्या बाया बाळंत होताना त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं, ऊनपावसात त्यांचे हाल होतात, हेही लिहिते. मराठीत तोवर ही वेणा कुणी लिहिली होती?

याच निबंधात आपल्याला टोचणारी एक गोष्ट आहे, ती झाकून चालणार नाही. ब्राह्मणांचं बघून महारही मांगांना खालचे समजतात, असं ती स्पष्ट म्हणते. आपल्यातले काही जण मुक्ताचं नाव घेतात आणि हे वाक्य गाळतात. मग त्यांच्यात आणि झाकणाऱ्यांत फरक काय? जिनं देवाला सोडलं नाही ती आपल्याला का सोडील?

पुढं दोनच वर्षांनी, 1857 साली, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिला मान आहे. विषय काय? हिंदू विधवांची दैना. म्हणजे मराठी कादंबरी जन्मली तीच बाईच्या दुःखातून. ही चांगली गोष्ट. पण दोन वर्षांआधी शेजारच्याच पानांवर 14 वर्षांची मुक्ता बोलून गेली होती. तिची कादंबरी अजून व्हायची आहे.

1927. महाड. 20 मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्यालो, 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली, हे आपल्याला पाठ आहे. पण डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेब बायांशी वेगळे बोलले, हे किती जणांना पाठ आहे? लुगडं आखूड नेसू नका, पायघोळ नेसा. अंगावरचं ते कथलाचं ओझं उतरवा. मेलेल्या ढोराचं मास घरात शिजवू नका. नवरा, पोरगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. पोरींना शाळेत धाडा. या बोलण्याचा असा अर्थ होता. आणि बायांनी वाट पाहिली नाही. तिथल्या तिथे नेसण बदलली, अशी हकीकत आहे. आता या बाया परत आपापल्या गावी गेल्या असतील. वेशीतून आत शिरताना घोट्यापर्यंतचं लुगडं गावानं पाहिलं असेल. कादंबरीचं प्रकरण इथं सुरू होतं, तळ्याच्या काठावर संपत नाही.

1930. 2 मार्चला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मोर्चात शेकडो बाया होत्या. पुढं 1935 पर्यंत तो लढा चालला. घरात चूल पेटायची मारामार, आणि या बाया लढ्याला उभ्या. देव भेटावा म्हणून नव्हे, माणूस म्हणून दार उघडावं म्हणून.

1936. 16 जूनला मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, कामाठीपुऱ्यातल्या बाया, यांच्यापुढं बाबासाहेब बोलले. हे जिणं सोडा, असं त्यांना स्वच्छ सांगितलं. ज्या बायांना समाजानं देवाच्या नावानं सोडलं आणि रात्रीच्या बाजारात विकलं, त्या सभेला उघड येऊन बसल्या. आता मला सांगा, रंगमहालातली कुठली नायिका याहून धीट आहे?

1942. 20 जुलै, नागपूर. अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया जमल्या, आकडा 25,000 चा सांगतात. ठराव काय केले? बाईला काडीमोडाचा हक्क पाहिजे. एका पुरुषानं अनेक बायका करायच्या नाहीत, तसा कायदा पाहिजे. गिरणीत, विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांना हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई, म्हातारपणी पेन्शन पाहिजे. गिरणीत बायांवर देखरेख करायला बाईच पाहिजे. हा शेवटचा ठराव पुन्हा वाचा. मुकादम काय करतो ते न बोलता बोलणारा ठराव आहे तो. हिंदू विवाह कायदा आला 1955 साली. आपल्या आया 13 वर्षं आधी मागून बसल्या होत्या! आणि लक्षात ठेवा, हे ठराव फक्त सवर्णांच्या विरुद्ध नव्हते. दुसरी बायको करणारा आपल्याच वस्तीतला नवरा होता.

आता कुणी म्हणेल, आपल्या बायांवर कादंबऱ्या कुठं नाहीत? झलकारीबाई आहे ना. आहे. झाशीची कोरी जातीची ही बाई. वृंदावनलाल वर्मांच्या 1946 च्या ‘झांसी की रानी’ या हिंदी कादंबरीत ती आली, लोकांच्या तोंडी तर होतीच. 2001 साली तिच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. कादंबरीनं एक नाव जपलं, याचं श्रेय कादंबरीला दिलं पाहिजे. पण तिला जागा कोणती मिळाली? राणीसारखी दिसणारी, राणी वाचावी म्हणून शत्रूपुढं जाणारी. मालकिणीसाठी जीव धोक्यात घातला की आपली बाई वीरांगना होते. स्वतःच्या घागरीसाठी मार खाल्ला तर होत नाही.

लखनौचं उदाहरण आणखी शिकवणारं आहे. 16 नोव्हेंबर 1857 ला सिकंदरबागेत लढाई झाली. पिंपळाच्या झाडावरून गोळ्या घालणारा शिपाई मारून खाली पाडला तर ती बाई निघाली, असं फोर्ब्स-मिचेल या गोऱ्या सैनिकानं आपल्या आठवणींत लिहिलं. नाव त्याला ठाऊक नव्हतं. पासी समाजानं सांगितलं : ही आमची उदादेवी. बाई शत्रूच्या कागदात, नाव आपल्या माणसांच्या तोंडात. दोन्ही जोडल्याशिवाय आपला इतिहास उभा राहत नाही.

म्हणून लिहिणाऱ्या साथींना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक. जिथं कागद बोलतो तिथं पदरचं घालू नका. तारीख, गाव, ठराव हे जसेच्या तसे ठेवा. जिथं कागद गप्प आहे तिथं कल्पना चालवा, आणि ती कल्पना आहे हे वाचकाला कळू द्या. पोथ्यापुराणांच्या थापांनी आपली हजारो वर्षं खाल्ली. आपण नव्या थापा रचायच्या नाहीत.

दोन. तिची देवी करू नका. ती थकते, भिते, सासूवर चिडते, कधी माघारही घेते. देवीला बंड करावं लागत नाही. बंड माणसाला करावं लागतं.

तीन. बाबासाहेबांचं भाषण आणि समोर टाळ्या वाजवणाऱ्या बाया, एवढ्यावर प्रकरण संपवू नका. भाषण ऐकून घरी गेल्यावर त्या रात्री चुलीपुढं काय झालं, ते लिहा. नवऱ्यानं ताट मागितलं तेव्हा काय झालं, ते लिहा.

चार. तिची बोली तिला ठेवा. 14 वर्षांच्या मुक्ताला पुणेरी प्राध्यापकासारखं बोलायला लावू नका.

पाया घालून झालेला आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायांना बोलतं केलं आणि 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिलं. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’, शांताबाई दाणींचं ‘रात्रंदिन आम्हा’ ही आत्मकथनं हाताशी आहेत. नागपूरच्या परिषदेला कडेवर पोर घेऊन गेलेल्या बाया आता बहुतेक राहिल्या नाहीत. पण कडेवरची ती पोरं अजून काही वस्त्यांत आहेत, ऐंशी ओलांडलेली. आईनं त्या दिवशी काय नेसलं होतं, भाकरी कुणाच्या घरी बांधली, परत आल्यावर बाप काय बोलला, हे त्यांनी ऐकलेलं आहे. त्यांच्यापाशी जाऊन बसा. वही घेऊन बसा. हे काम पुढच्या जयंतीपर्यंत थांबणारं नाही.

जय भीम.